चार धरणं फोडली, मासे वर आले आणि आप्पा अजून मानत नाहीत

आमच्या बहादूरशेख नाक्यावरच्या कट्ट्यावर धरणाचा विषय काढायचा नाही असा नियम आहे. चिपळुणात निम्म्या घरांतलं कोणीतरी पोफळीला कोयनेच्या पॉवरहाऊसमधे नोकरीला होतं आणि उरलेल्या निम्म्यांच्या माळ्यापर्यंत २०२१ च्या पुराचं पाणी आलेलं, त्यामुळे एकाने कोळकेवाडी धरणाचं नाव घेतलं की दुसरा उठलाच म्हणून समजा. पण नित्या अमेरिकेत पोर्टलंडला राहतो आणि वर्षातून एकदा येतो, नियमबियम त्याला लागू नाहीत असं त्याला वाटतं. भजी यायच्या आधीच सुरू झाला, आमच्या तिकडे खाली क्लॅमथ नदीवरची चार धरणं पाडली, वीज बनवणारी, चालू, तीही माशांसाठी.

आप्पांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. पोफळीच्या पॉवरहाऊसमधून ऑपरेटर म्हणून रिटायर झालेत, आणि मशीन बंद पडलं म्हटलं की अजूनही त्यांचा चेहरा घरातलं कोणी आजारी असल्यासारखा होतो.

"चालू मशीन? चालू मशीन कोण पाडतं रे?"

"पाडलं आप्पा. २०२३ ला एक आणि २०२४ ला तीन. कॉप्को एक, कॉप्को दोन, जेसी बॉयल आणि आयर्न गेट."

प्रमोद इलेक्ट्रिकल काँट्रॅक्टर आहे, त्याने लगेच विचारलं किती मेगावॅट. नित्या बोल्ला चारही मिळून साधारण १६०. आप्पा हसलेच, आमच्या कोळकेवाडीला एकट्या तिसऱ्या टप्प्याला ३२० आहे आणि सगळी कोयना धरली तर १९६०, तुमची चार धरणं मिळून आमच्या एका टप्प्याच्या निम्मी, आणि त्यासाठी एवढा गाजावाजा! तर सुऱ्या शांतपणे म्हणतो, "तेच म्हणतोय मी आप्पा, एवढ्याशा विजेसाठी एवढी मोठी नदी शंभर वर्षं अडवून ठेवली होती." सुऱ्याची गोवळकोटच्या खाडीत होडी आहे. त्याला कुठल्या बाजूने बोलायचं ते विषय कळायच्या आधीच माहीत असतं.

मग नित्याने नदी समजावून सांगितली. उगम ओरेगॉनमधल्या मोठ्या तलावातून, मग डोंगरातून वाट काढत कॅलिफोर्नियात आणि शेवटी पॅसिफिकला. समुद्राजवळ युरोक आदिवासी, त्यांच्या वर करूक, आणि एकदम वरती तलावाकडे क्लॅमथ ट्राईब्स. एके काळी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सॅमन माशांमधे कोलंबिया आणि सॅक्रामेंटो नंतर हिचाच नंबर. १९१२ च्या सुमारास पहिल्या कॉप्कोच्या बांधकामाने नदी अडली, १९१८ ला ते पूर्ण झालं, त्याला माशाला चढायला शिडी नाही, काहीच नाही. वरच्या लोकांचा सॅमन तिथेच संपला. म्हणजे आज तिकडे जे म्हातारे आहेत त्यांच्या आज्यांनी पाहिलेला मासा.

"पण मासा कशाला चढतो वर? समुद्रात बरा नाय का?" हे प्रमोद.

इथे वैशालीने सूत्रं हातात घेतली. ती ज्युनियर कॉलेजला बायो शिकवते आणि तिला मधे कोणी बोललेलं आवडत नाही. म्हणाली, "अरे मृगाच्या पहिल्या पावसात तू चढणीचे मासे धरायला जातोस ना रात्री बॅटरी घेऊन? अंड्यांनी पोट टम्म झालेले, वाहत्या पाण्याविरुद्ध वर घुसणारे? तेच, फक्त त्याचा संसार मोठा. चिनूक नावाचा सॅमन नदीत जन्मतो, पिल्लू असतानाच समुद्रात जातो, तीन-चार वर्षं तिथे खाऊन माणसाच्या मांडीएवढा होतो आणि मग वासावरून आपली स्वतःची नदी शोधत परत येतो. नदीत शिरला की खाणं बंद. मादी शेपटीने गोट्यांमधे खड्डा करते, अंडी घालते आणि मरते. नर पण मरतो. म्हणजे त्याला एकच चान्स आहे. त्याला पाहिजे काय, थंड पाणी आणि सुपारीएवढे, मुठीएवढे गोटे. धरण दोन्ही खातं. गोटे भिंतीमागे अडकतात, आणि साठलेलं पाणी उन्हाळाभर तापतं ते नेमकं मासे यायच्या वेळेला खाली सुटतं, शिवाय वर हिरवं विषारी शेवाळ, तिथे उन्हाळ्यात बोर्ड लावायचे पाण्याला हात लावू नका म्हणून."

"मग शिडी बांधा!" आप्पा ओरडले. "फिश लॅडर म्हणतात त्याला, आम्हालाही ट्रेनिंगमधे शिकवलंय. मशीन कशाला पाडता?"

खरं सांगायचं तर सगळ्या चर्चेतला हा सगळ्यात चांगला प्रश्न होता आणि याचं उत्तर मलाही माहीत नव्हतं. नित्याने सांगितलं ते असं, की तिकडे वीजधरणाला सरकारचं लायसन लागतं आणि त्याला मुदत असते. या धरणांचं पन्नास वर्षांचं, ते २००६ ला संपणार. रिन्यू करताना मत्स्यखात्याच्या लोकांना अटी घालता येतात. त्यांनी अट घातली की शिड्या बांधा. कंपनीने हिशोब केला तर शिड्यांचा खर्च तीसेक कोटी डॉलरच्या वर, वर माशांसाठी पाणी सोडायचं म्हणजे वीज आणखी कमी, आणि ही वीज कंपनीच्या एकूण विजेच्या दोन टक्केसुद्धा नव्हती. पाडणं स्वस्त पडलं.

"म्हणजे मासेप्रेम वगैरे काही नाय," प्रमोद खूश झाला, "शेवटी कॅलक्युलेटर."

"कॅलक्युलेटर कोणी हातात द्यायला लावला ते विचार की," वैशाली.

आणि हे बरोबर आहे. नाहीतर कंपनीने रिन्यूअल आपलं गुपचूप उरकलं असतं, कोणाला पत्ता लागला नसता. २००२ च्या सप्टेंबरमधे खालच्या क्लॅमथमधे सॅमन मेले, सरकारी आकडा ३४ हजार, तिथले लोक म्हणतात त्याच्या दुप्पट. मोठे, समुद्रातून नुकते आलेले, अंडी घालायच्या आधीच. गिल म्हणजे कल्ले सडून. कमी पाणी, गरम पाणी, त्यात एवढ्या माशांची दाटी, रोग पसरायला काय वेळ लागतोय. काठावर खच, वासाने थांबता येईना. नित्या हे सांगत असताना सुऱ्या काही बोलत नव्हता, मग म्हणाला आमच्या खाडीत मासे तरंगले की पंचनामा होतो, बाटल्यांत पाणी भरून नेतात, आणि त्या बाटल्या कुठल्या गावाला जातात देव जाणे.

त्यानंतर युरोक, करूक वगैरे लोकांनी मालकाचा पत्ता शोधला. तेव्हा वीज कंपनीचा मालक होता स्कॉटिश पॉवर. तर हे लोक २००४ ला थेट स्कॉटलंडला, शेअरहोल्डरांच्या मीटिंगला! तिथल्या लोकांना सॅमन म्हणजे काय हे सांगावं लागत नाही, त्यामुळे पेपरात चांगलं आलं. पुढे कंपनी वॉरन बफेच्या ग्रुपकडे गेली, तर हे ओमाहाला त्याच्या जत्रेसारख्या मीटिंगला हजर. मला हा भाग फार आवडला. आपल्याकडे मोर्चा तहसीलदाराला निवेदन देतो, फोटो काढतो आणि वडापाव खाऊन घरी येतो.

आप्पा एवढा वेळ बोटं मोडत बसलेले, ते एकदम म्हणाले, "थांब. २००२ ला पाणी कमी होतं म्हणालास. का कमी होतं?"

नित्या जरा अडखळला. मग सांगितलं की २००१ ला दुष्काळ होता, वरच्या तलावातल्या आणि नदीतल्या संरक्षित माशांसाठी शेतकऱ्यांचं पाणी तोडलेलं, त्यांनी केवढं आंदोलन केलं, हजारो लोक रांगेत उभे राहून हाताने बादल्या पास करत होते, आणि दुसऱ्या वर्षी मग शेतीला पाणी दिलं आणि नदीला कमी पडलं.

"आणि ते शेतीचं पाणी या चार धरणांतून जायचं?"

"नाही. ते वरच्या तलावातून. या चारांतून शेतीला पाणी जातच नव्हतं."

"म्हणजे मासे मारले इरिगेशनने आणि फाशी दिली हायड्रोला!" आप्पांनी टाळीसाठी हात पुढे केला आणि प्रमोदने दिली पण.

मुद्दा बिनतोड होता, मान्य करायला पाहिजे. वैशालीने सावरून घेतलं, की एका वर्षीचं पाणी कमी करणं इरिगेशनचं, पण नदी दरवर्षी आजारी ठेवणं धरणांचं, पिल्लांना मारणारा एक परजीवी आहे तो धरणाखालच्या संथ, न खवळणाऱ्या पाण्यात माजतो, पूर येऊन तळ धुतला गेला की कमी होतो. बरोबरच आहे तिचं. पण आप्पांचं समाधान झालं नाही आणि माझंही पूर्ण नाही झालं, कारण शेतकरी आणि मासे यांचं वरच्या पाण्यावरून भांडण अजून तसंच आहे, चार धरणं गेली म्हणून तलावात एक बादली वाढलेली नाही.

प्रमोदने मग स्थानिकांचा मुद्दा काढला, गुगल करून, मोबाईल नाचवत. तीन धरणं कॅलिफोर्नियातल्या ज्या सिस्कियू काउंटीत, तिथे २०१० ला लोकांचं मत घेतलं तर ८० टक्क्यांच्या आसपास पाडायच्या विरोधात. कॉप्को तलावाच्या काठाला घरं घेतलेली माणसं, सकाळी खिडकी उघडली की पाणी, आता चिखल आणि गवत. शिवाय २०२४ ला हॅचरीतली, म्हणजे मत्स्यबीज केंद्रातली, आठ लाखांवर पिल्लं सोडली ती आयर्न गेटच्या बोगद्यातून जाताना प्रेशरने गॅसचे बुडबुडे होऊन मेली. "माशांना वाचवायला निघाले आणि आठ लाख मारले, हे कोण सांगणार?"

"मी सांगणार होतो," नित्या म्हणाला, पण ते कोणी ऐकलं नाही.

वैशालीचं म्हणणं पाडण्यापेक्षा आधीच अडवावं. कॅनडाची फ्रेझर नदी घ्या, मोरान नावाचं मोठं धरण व्हायचं होतं, १९५० पासून प्लॅन, मच्छीमार आणि मत्स्यशास्त्रज्ञ अडून बसले, शेवटी सत्तरीत विषय बंद. मुख्य फ्रेझरवर आजही धरण नाही, आणि २०१० ला तिथे जवळजवळ तीन कोटी सॉकआय सॅमन परत आले.

"आणि वीज?" आप्पा. "त्यांनी कंदील लावले?"

वीज पीस नदीवरून आणली. १९६८ ला तिकडे बेनेट धरण झालं, मागे एवढा तलाव की तिथल्या त्से के डेने आदिवासींची जमीन, वाटा, शिकारीच्या जागा सगळं पाण्याखाली. त्यांच्या नदीला पॅसिफिकचा सॅमन नव्हता, त्यामुळे त्यांच्यासाठी अडून बसायला कोणी आलं नाही. हे नित्याने स्वतःच सांगितलं, आणि यावर कट्ट्यावर पहिल्यांदा सगळे गप्प झाले, कारण कोयनेतून उठून दुसऱ्या जिल्ह्यात गेलेल्यांची पोरं आमच्यातल्या काहींच्या वर्गात होती. आप्पा स्वतः म्हणाले, साठ वर्षं झाली, अजून त्यांची जमिनीची फाईल फिरतेय.

मग भजी आली. परत आवाज वाढले.

आप्पांनी शेवटचं अस्त्र काढलं, पीक लोड. संध्याकाळी सातला सगळ्या घरांत एकदम दिवे, सोलर झोपलेलं, तेव्हा कोण उभं राहतं? कोयना. मिनिटांत मशीन ग्रिडशी सिंक होतं, कोळशाच्या सेटला तास जातात. पाणी म्हणजे बॅटरी आहे रे, म्हणाले, ती फोडायची? आणि हे त्यांनी इतक्या मायेने सांगितलं, टर्बाईनला पाणी सोडणारा गव्हर्नर उघडताना हाताला कशी थरथर लागते, पाणी पेनस्टॉकच्या मोठ्या पाईपमधून येताना आवाज कसा बदलतो, की सुऱ्यापण ऐकत राहिला. मला वाटतं इथे नित्याने हट्ट करायला नको होता आणि त्याने केलाही नाही. म्हणाला आप्पा, कोयना पाडा असं कोणी म्हणत नाहीये. १९६० मेगावॅट आणि १६० मधे फरक आहे.

"बरं ते जाऊ दे, मासे आले का पण?" हा प्रश्न गाडीवरच्या मुलाचा, जो भजी तळता तळता सगळं ऐकत होता.

आले. शेवटची भिंत गेल्यावर काही आठवड्यांत, १६ ऑक्टोबर २०२४ ला, ओरेगॉनमधल्या स्पेन्सर क्रीक नावाच्या छोट्या ओढ्यात चिनूक दिसला, चारही धरणांच्या जागा ओलांडून. १९१२ नंतर पहिल्यांदा. कोणी वाहून नेला नव्हता, ट्रकमधून सोडला नव्हता, आपला आपण चढला. त्या सीझनला काही हजार वर गेले. आणि २०२५ च्या उन्हाळ्यात तिथली आदिवासी पोरंपोरी उगमापासून समुद्रापर्यंत कायाक घेऊन महिनाभर वल्हवत आली, काहींनी त्यासाठी आधी कायाक शिकून घेतलेलं.

"पैसे कोणी दिले?" प्रमोद सोडेना. पंचेचाळीस कोटी डॉलर. वीस कोटी ग्राहकांच्या बिलातून आणि बाकी कॅलिफोर्निया सरकारचे बॉण्ड. नित्याच्या लाईट बिलातपण काही वर्षं त्याचा सरचार्ज यायचा.

"म्हणजे कंपनीने दमडी नाय दिली!"

"नाय."

"आपल्यासारखंच की मग," प्रमोद म्हणाला आणि शेवटची भजी उचलली.

सुऱ्या मघापासून एकाच गोष्टीवर अडकलेला. त्याला मासे, डॉलर, स्कॉटलंड कशात रस नव्हता, त्याच्या डोक्यात ते पन्नास वर्षांचं लायसन बसलेलं. मुदत संपायची तारीख आधीच छापलेली, आणि त्या तारखेला नदीकाठचा माणूस आत जाऊन बोलू शकतो. आप्पांना विचारतो, "आप्पा, कोयनेचं साडेसदुसष्ट टीएमसी पाणी वाशिष्ठीत येतं, तुम्ही मशीन चालू केलं की आमच्या खाडीचं पाणी गोडं होतं, बंद केलं की खारं, जाळी कधी टाकायची ते तुमच्या शिफ्टवर. मग कोयनेचं लायसन कधी संपतं?"

"कोयना सरकारची आहे. तिला कसलं लायसन?"

"मग आम्ही कुठल्या तारखेला यायचं?"

आप्पांनी ग्लास उलटा करून चहाचा गाळ झटकला. "तू आधी त्या बाटल्या कुठे गेल्या ते शोध," म्हणाले, "अर्ज लिहायला मी बसतो."