दाजी, बार हलला!

सांगलीला विमानतळ नाही. कवलापूरला त्याची जागा आहे. तिथे दर निवडणुकीला आश्वासनं उतरतात, विमान काही उतरत नाही. अशा गावात माझ्या मेहुण्याने विमान बांधायला काढलंय. रिमोटवरचं खेळणं नव्हे. दोन माणसं बसतील असं, अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचं, किटमधून आलेलं खरं विमान. कोणी त्याला वेड्यात काढलं की तो कॅप्टन अमोल यादव यांचं नाव पुढे करतो. यादवांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं, 2016 साली मुंबईच्या मेक इन इंडिया प्रदर्शनात नेऊन ठेवलं आणि पुढच्या वर्षी त्याची रीतसर नोंदणीही मिळवली. हे सगळं खरं असल्यामुळे वाद तिथेच संपतो. त्या गच्चीवर रिबिटी मारताना मागून पोलादाचा बार कोण धरत होतं, हे मात्र कुठे छापून आलेलं मी वाचलं नाही.

अमेरिकेत हौशी विमानाला मान्यता हवी असेल तर निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनीच केलेलं असावं लागतं. बांधणारे त्याला 51 टक्क्यांचा नियम म्हणतात. मेहुण्याने हा नियम सांगलीत लागू केलाय. 51 टक्के तो स्वतः करणार, उरलेले 49 टक्के नातेवाइकांत वाटून दिलेत.

कारखाना म्हणजे गावभागातल्या त्याच्या घराचा पहिला मजला. तळमजला का नाही, हे सांगलीकराला सांगावं लागत नाही. 2019 ला आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली तेव्हा याचा फ्रीज स्वयंपाकघरातून निघून दिवाणखान्यात पोचला होता. त्यामुळे विमानाचं शेपूट वर. ते खाली कसं आणणार, जिन्याला तर वळण आहे, असं मी एकदा विचारून बघितलं. ‘दाजी, शुभ बोला,’ एवढंच उत्तर मिळालं. शेजाऱ्यांचा प्रश्न त्याहून व्यवहारी होता. पुन्हा पाणी चढलं तर यातनं थेट विट्याला जाता येईल का?

विमानाचा पत्रा वेल्डिंगने जोडत नाहीत. तो तापवून, विझवून कणखर केलेला मिश्रधातू असतो आणि वेल्डिंगच्या धगीत त्याचा कणखरपणाच जातो. म्हणून रिबीट मारायची. एक सुताची, म्हणजे इंचाचा आठवा भाग जाड, किंवा पाऊण सुताची, आणि हजारांच्या हिशोबात. रिबिटीला एका बाजूला तयार डोकं असतं, दुसऱ्या बाजूला दांडीचं टोक पत्र्याबाहेर येतं. डोक्यावर हवेच्या दाबाची गन धरायची आणि टोकाला पोलादाचा जड ठोकळा टेकवायचा. हा बकिंग बार. गन तडतडली की टोक ठोकळ्यावर चेपून तिथे दुसरं डोकं तयार होतं. ते दांडीच्या जाडीच्या दीडपट रुंद आणि निम्म्याइतकं उंच हवं. कमी चेपलं तर कच्चं, जास्त चेपलं तर वाया. सगळा कारभार दोन-तीन सेकंदांचा. गन मेहुण्याकडे, बार माझ्याकडे.

बार धरणाऱ्याचा हात खांद्यापर्यंत शेपटाच्या पोटात आणि तोंड भिंतीकडे. आपण काय धरलंय ते दिसत नाही, फक्त बोटांना कळतं. पलीकडून हाक येते, ‘तयार?’ कानात बोळे असल्यामुळे ‘तयार’ आणि ‘थांबा’ हे दोन्ही शब्द सारखेच ऐकू येतात. मी दोन्हींना ‘हां’ म्हणतो.

चूक झाली की ती कोणाची, हे ठरवायचं आमच्याकडे स्वतंत्र शास्त्र आहे, आणि ते विमानापेक्षा बरंच पुढे गेलंय. डोक्यावर अर्धा चंद्र उमटला तर गन घसरली. हा दोष उघडच गनवाल्याचा, म्हणून त्याला मेहुणा ‘किरकोळ’ म्हणतो. टोक एका अंगावर आडवं झालं तर बार तिरका होता किंवा रिबीट लांब होती. मेहुणा ‘किंवा’च्या अलीकडेच थांबतो. दोन पत्र्यांमध्ये फट राहिली आणि रिबीट तिथेच फुगली तर क्लेको, म्हणजे पत्रे तात्पुरते एकत्र धरणारे चिमटे, लावणारा भाचा गुन्हेगार. आणि बार टेकलेला नसताना गन चालली तर पत्र्यालाच पोचा पडतो. मग मात्र ‘दाजी, बार हलला!’ अशी आरोळी उठते आणि निकाल सगळ्या आळीला कळतो. अपिलाची सोय नाही.

खरा छळ याच्या पुढचा. बिघडलेली रिबीट काढायची असते.

मारायला तीन सेकंद, काढायला निम्मी दुपार. या रिबिटीच्या डोक्यात बरोबर मधोमध एक बारीक खळगा असतो. तो असतो धातूची जात ओळखण्यासाठी, पण ड्रिलचं टोक बसवायला फार सोयीचा. आधी ड्रिल नुसतं हाताने फिरवून टोक मधे बसलंय का बघायचं. मग हळूच चालवायचं, तेही फक्त डोक्याच्या खोलीपुरतं. मग भोकात पंच घालून जरासा कलता केला की डोकं टचकन उडतं. उरलेली दांडी, मागून पत्र्याला आधार देऊन, हलक्या हाताने ठोकून पलीकडे पाडायची. कागदावर इतकंच. प्रत्यक्षात रिबीट जरा सैल असली की ड्रिलबरोबर तीही फिरायला लागते. ड्रिल फिरतंय, रिबीट फिरतेय, कापलं काहीच जात नाही, आणि मेहुणा ओरडतोय, ‘मागनं पकडीनं धरा की!’ मागे म्हणजे जिथे हात जेमतेम जातो, तिथे. पक्कड जातच नाही.

ड्रिल केसभर सरकलं की भोक लंबगोल. मग त्यात जाडी वाढवलेली रिबीट घालावी लागते. जाड घातली की कडेचा हिशोब आला, कारण भोकाच्या मध्यापासून पत्र्याची कड रिबिटीच्या जाडीच्या निदान दुप्पट लांब पाहिजे. तेवढी नसली तर अख्खा भागच बदलायची पाळी. पत्र्यात सपाट बसणाऱ्या रिबिटींसाठी जाड दांडीची आणि लहान डोक्याची एक खास जात मिळते. बांधणारे तिला ‘ऊप्स रिव्हेट’ म्हणतात. मेहुण्याने पहिल्याच मागणीत हिची भली मोठी पिशवी मागवली होती. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

शेपटाच्या एका फासळीवर, शेवटून तिसरी, एक सुताची रिबीट जराशी कलती झाली होती. जराशीच. आमच्या आळीत एक तात्या आहेत. मिरजेला रेल्वेत फिटर म्हणून आयुष्य गेलेलं. ते आवाजाची तक्रार करायला वर आले आणि चष्मा सावरत तिथेच रमले. त्या रिबिटीवरून त्यांनी अंगठा फिरवला, नख घालून फट आहे का बघितलं.

‘बसलीय की. फट न्हाई, चीर न्हाई. सोडा तिला.’

‘पण तात्या, वाईट दिसतीय.’

‘वर गेल्यावर कोण बघणाराय?’

तात्या विमानाला नवखे असले तरी अनुभवी विमानवालेही हेच सांगतात. थोडी डावी-उजवी बसलेली रिबीट शेजारणींच्या जोरावर आपलं काम करते. बिघडलेलं भोक मात्र पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. माझंही मत तेच, आणि ते काही नुसत्या आळसातून आलेलं नाही. मी आयुष्यभर बँकेत खतावण्या जुळवल्या. पाच पैशांचा फरक शोधायला बसून पाचशेची नवी चूक घालून उठणारे हुशार कारकून मी बघितलेत. मेहुणा त्या जातीचा. त्याच्याकडे लाल मार्कर आहे. रात्री जेवण झाल्यावर तो बॅटरी घेऊन वर जातो आणि मनाला न पटलेल्या रिबिटींवर ठिपके देत हिंडतो.

तात्या जिना उतरले आणि याने ड्रिल उचललं. भोक मोठं झालं. मग तिथे सव्वा सुताची रिबीट आली. तिला दाब जास्त लागतो, गनच्या तोंडाला बसवायचा कपही मोठा लागतो. तो मोठा कप शेजारच्या, एकही खोट नसलेल्या रिबिटीच्या डोक्यावर घसरला आणि तिच्यावर ठसठशीत अर्धचंद्र उठला. लाल ठिपका एक घर पुढे सरकला. या चालीने तो दिवाळीपर्यंत फासळीचं दुसरं टोक गाठेल असा माझा अंदाज होता, आणि मी तो बोलून दाखवला. वातावरण तापलं.

त्याच वेळी माझी बायको भडंग आणि चहा घेऊन वर आली. भावाचा चेहरा आणि माझा दंड, दोन्ही बघून तिने पदर खोचला आणि म्हणाली, ‘सरका, मी धरते.’ तिचा हात बारीक, फासळीच्या फटीतून सहज आत गेला. ‘हं, मार.’ गन तडतडली. टोक चेपलं, पण वर डोक्यावर पुन्हा चंद्रकोर. मेहुण्याने सवयीने श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि समोर थोरली बहीण आहे हे त्याच्या लक्षात आलं.

‘अक्का, माझीच गन घसरली वाटतं.’

या विमानाच्या इतिहासात गन घसरल्याची ही पहिली कबुली. मी भडंगाची मूठ तोंडात टाकली आणि काही बोललो नाही. बोललो असतो तर पुन्हा बार हातात आला असता. आता जोडायचं काम बहीणभाऊ बघतात आणि ‘किरकोळ’ हा शब्द बंद झालाय. काढायचं खातं माझ्याकडे आलंय. लाल ठिपका दिसला की तो खराच काढायचा की नाही, हे मी तात्यांना विचारून ठरवतो. बरेचसे ठिपके आम्ही थिनरच्या बोळ्याने दुरुस्त करतो.

पुढे पंखांचं किट यायचंय. पंखातच इंधनाची टाकी असते आणि ती गळू नये म्हणून तिच्या रिबिटी सीलंट माखून माराव्या लागतात. ते चिकट प्रकरण एकदा कापडाला लागलं की निघत नाही. बायकोने माझे काही शर्ट आत्ताच बाजूला काढून ठेवलेत. त्यातला एक कोरा आहे. मी तो गुपचूप कपाटात ठेवला, तिने तो पुन्हा बाहेर काढला.

‘तो रंग तसाही तुम्हाला शोभत नाही.’