रिकामी बस दिसली म्हणून फेरी बंद करायची?

सध्या एक मजकूर सगळीकडे फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: बराच वेळ बस येत नाही आणि मग दोन-तीन एकदम येतात, हा चालकांचा बेशिस्तपणा. त्यातली मागची रिकामीच असते, म्हणजे फेऱ्या गरजेपेक्षा जास्त. त्या कमी करून पैसा वाचवा. नाहीतरी रहदारीत बस वेळेवर धावणं अशक्यच.

आधी चालकांबद्दल. बस सिग्नलला दोन मिनिटं अडकली की पुढच्या थांब्यावर तेवढे जास्त प्रवासी जमतात. त्यांना चढायला वेळ लागतो, बस आणखी मागे पडते, त्यापुढच्या थांब्यावर गर्दी आणखी वाढते. मागच्या बसला मात्र थांब्यांवर फारसं कुणी उरलेलं नसतं; ती भरभर पुढे येते आणि पहिलीला गाठते. न्यूएल आणि पॉट्स या अभ्यासकांनी १९६४ सालीच हे गणिताने मांडलं होतं. दोन्ही चालक अगदी नेमाने गाडी चालवत असले तरी हे घडतं. यावर उपाय आहेत: मागची बस ठरलेल्या थांब्यावर थोडी रोखायची, सगळ्या दारांनी चढू द्यायचं, शेवटच्या थांब्यावर वेळापत्रकातच मोकळी मिनिटं ठेवायची. यातलं काहीच चालक स्वतः ठरवत नाही. उलट ती मोकळी मिनिटं कापली की त्याचं पाणी प्यायचंसुद्धा राहून जातं, आणि शिव्या त्यालाच. मला याचा खरोखर संताप येतो.

आता ती रिकामी बस. ती बहुतेकदा याच जोडीतली दुसरी असते. दर १० मिनिटांनी नीट अंतराने बस आली तर सरासरी ५ मिनिटं थांबावं लागतं. त्याच बस जोडीने दर २० मिनिटांनी आल्या तर १० मिनिटं. गाड्या तेवढ्याच, इंधन तेवढंच, वाट पाहणं दुप्पट. शिवाय सकाळी कामाच्या ठिकाणी माणसं सोडून परतणारी बस रिकामी असणारच. ती परतली नाही तर पुढची फेरी निघणार कशी?

फेऱ्या कमी करून पैसा वाचतो, हे अर्धवट खरं आहे. इंधन वाचतं, आगार आणि कार्यशाळेचा खर्च त्या प्रमाणात घटत नाही. दर १० मिनिटांची बस २० मिनिटांवर गेली की ज्याला जमेल तो दुचाकी घेतो, उत्पन्न घटतं आणि तोट्याकडे बोट दाखवून पुढची कपात होते. मागे राहतात ते ज्यांना दुसरा पर्याय नाही असे लोक.

रहदारीचा मुद्दा सगळ्यात कच्चा. दक्षिण कोरियाची राजधानी सोलने २००४ साली बससेवेची फेररचना केली. रस्त्यांच्या मधोमध बसच्या स्वतंत्र मार्गिका वाढवल्या, आणि कंपन्यांचा मोबदला तिकिटांच्या गल्ल्याऐवजी धावलेल्या किलोमीटरशी जोडला. त्यामुळे प्रवासी पळवण्यासाठी शर्यत लावण्याचं कारणच उरलं नाही. लंडनमध्ये वारंवार धावणाऱ्या मार्गांवर वेळापत्रकापेक्षा प्रवाशाला किती जास्त थांबावं लागलं ते मोजतात, आणि कंत्राटदाराचा बोनस किंवा दंड त्यावर ठरत आला आहे. बस आगारातून वेळेवर सुटली एवढंच मोजलं तर वाटेतल्या थांब्यावरचा माणूस त्या हिशोबात येतच नाही. आपल्या शहराच्या बससेवेकडे मागायचा आकडा हाच: प्रत्येक मार्गावर, प्रत्येक वेळेला, प्रवासी ठरल्यापेक्षा किती मिनिटं जास्त ताटकळला.