सीआरसी महाग? आधी गेटं मोजू या

सीआरसी (सायक्लिक रिडंडन्सी चेक) म्हणजे डेटाला एका ठरलेल्या संख्येसारख्या बहुपदीने भागायचं, उरलेली बाकी डेटामागे जोडायची, आणि घेणाऱ्याने ती पुन्हा काढून चूक पकडायची. त्यावर हार्डवेअरवाल्यांमध्ये एक युक्तिवाद वरचेवर ऐकू येतो. थोडक्यात तो असा: "एका चिपकडून दुसरीकडे जाताना डेटा बिघडला का, हे बघायला सीआरसी कशाला? त्यात भागाकार येतो, आणि भागाकार महाग. नुसती बेरीज करून मागे जोडा. १६ बिटांची बेरीज असो की १६ बिटांचा सीआरसी, ६५,५३६ पैकी एकच चूक निसटणार. तसंही चुकतो तो एखादाच बिट, त्याला पॅरिटीसुद्धा (१ असलेल्या बिटांची संख्या सम की विषम, एवढं सांगणारा जादा बिट) पुरते. आणि काही राहिलंच, तर वर टीसीपी (नेटवर्कवर डेटा नीट पोहोचवणारा, वरच्या थरातला नियमसंच) बघून घेतं."

ऐकायला सगळं पटतं. म्हणूनच एकेक वाक्य सुटं करून बघायला हवं.

"भागाकार महाग"

इथे शाळेतल्या भागाकाराचा धसका आड येतो. त्या भागाकारात दर पायरीला भाग जातो का ते ताडून बघायचं, मग वजाबाकी, आणि वजाबाकीत हातचे. सीआरसीतला भागाकार बहुपदींचा; डेटाचे बिट हेच बहुपदीचे सहगुणक, म्हणून सहगुणक फक्त ० किंवा १. हातचा हा प्रकारच तिथे नाही. बेरीज म्हणजे एक्सॉर (दोन बिट वेगळे असतील तर १, सारखे असतील तर ०), वजाबाकी म्हणजेही एक्सॉर. भाग जातो की नाही, हे सर्वांत वरचा बिट बघून कळतं.

त्यामुळे अख्खा भागाकार एका शिफ्ट रजिस्टरमध्ये, म्हणजे क्लॉकच्या दर ठोक्याला बिट एकेक घर पुढे सरकवणाऱ्या रांगेत, मावतो. सीसीआयटीटी या दूरसंचाराची प्रमाणकं ठरवणाऱ्या जुन्या आंतरराष्ट्रीय समितीची प्रचलित बहुपदी घ्या: क्ष चा १६वा घात, १२वा घात, ५वा घात आणि १. तिला १६ फ्लिप-फ्लॉप (एकेक बिट साठवणारी घरं) आणि ३ एक्सॉर गेटं लागतात. दर क्लॉकला एक बिट आत घ्यायचा. शेवटचा बिट आत गेला की बाकी रजिस्टरमध्ये तयार. पीटरसन आणि ब्राउन यांनी १९६१ मध्ये चक्रीय संकेतांवर जो शोधनिबंध लिहिला, त्यात अशा तपासणीला लागणाऱ्या सर्किटांचा तपशीलही दिला होता. म्हणजे ही काही कालची युक्ती नव्हे.

बेरीजही एकेक बिट घेऊन करता येते, हे मान्य. त्याला एक फुल ॲडर (दोन बिट आणि हातचा यांची बेरीज करणारं सर्किट), हातच्यासाठी एक फ्लिप-फ्लॉप आणि १६ बिटांचं रजिस्टर लागेल. आकार जवळपास तेवढाच. मग वाचलं काय?

वेग हवा असेल, दर क्लॉकला ६४ बिट गिळायचे असतील, तर सीआरसीची गेटं वाढतात, शेकड्यांत जातात. पण बाकीचा प्रत्येक बिट म्हणजे जुन्या बाकीतले काही बिट आणि आलेल्या डेटातले काही बिट यांचा एक्सॉर. ६४ इनपुटांचं एक्सॉरचं झाड दोन-दोन इनपुटांच्या गेटांनी सहा पायऱ्यांत संपतं, आणि डेटाकडचा भाग पाइपलाइनमध्ये, म्हणजे कामाचे टप्पे पाडून, आधीच उरकून ठेवता येतो. बेरजेत मात्र हातचा खालून वर चढत जातो. त्याला आवरायला वेगळी तजवीज करावी लागते.

ही समजूत आली कुठून, याचा माझा अंदाज असा की ती सॉफ्टवेअरमधून आली. लहान मायक्रोकंट्रोलरवर दर बाइटला आठ वेळा लूप फिरवायचं, नाहीतर २५६ नोंदींचा, म्हणजे १६ बिटांच्या सीआरसीसाठी ५१२ बाइटांचा तक्ता ठेवायचा. तिथे बेरीज खरोखरच स्वस्त पडते. ती तक्रार जशीच्या तशी उचलून सिलिकॉनला चिकटवली, एवढंच.

"दोन्हीकडे ६५,५३६ पैकी एकच"

सगळ्यांत फसवं वाक्य हेच. आलेला डेटा मूळ डेटाशी काडीचाही संबंध नसलेला निव्वळ कचरा असेल, तर हा आकडा दोघांनाही लागू पडतो. तारेवरच्या चुका तशा नसतात. एखादा बिट उलटतो, दोन उलटतात, किंवा झटका बसून लागोपाठचे काही बिट बिघडतात.

दोन बिटांचं उदाहरण घेऊ. ५ आणि ८ पाठवले, बेरीज १३. वाटेत ५ चा शेवटचा बिट पडला आणि ४ झाले; ८ चा शेवटचा बिट चढला आणि ९ झाले. बेरीज पुन्हा १३! दोन चुका एकाच स्तंभात आणि उलट दिशांना झाल्या की बेरीज आंधळी. १६ स्तंभांपैकी तोच स्तंभ साधायची शक्यता १६त एक, दिशा उलट असायची शक्यता निम्मी. म्हणजे डेटा सर्वसाधारण असेल, तर दोन बिटांच्या ३२ चुकांमागे साधारण एक निसटते. कुठे ६५,५३६ आणि कुठे ३२!

वरच्या सीसीआयटीटी बहुपदीतून, चौकट (एका वेळी पाठवलेला डेटाचा गठ्ठा) ३२,७६७ बिटांच्या आत असेल तर, दोन बिटांची एकही चूक निसटत नाही. चुकलेल्या बिटांची संख्या विषम असेल तर एकही निसटत नाही. लागोपाठच्या १६ बिटांत मावणारी पडझडही एकूण एक पकडली जाते. आणि दोन शब्दांची अदलाबदल? बेरजेला ती कधीच कळणार नाही, कारण क्रम बदलून बेरीज बदलत नाही.

"चुकतो तो एखादाच बिट"

तारेवर एकच चुकला असेलही. पण तपासणीपर्यंत पोहोचेतो तो एकच राहतो का? ८बी/१०बी संकेतनात (८ बिटांच्या जागी १० बिट पाठवायची पद्धत) तारेवरचा एक चुकीचा बिट उलगडताना एकाच बाइटचे अनेक बिट बिघडवू शकतो. १० गिगाबिट इथरनेटच्या स्क्रॅम्बलरमध्ये (पाठवण्याआधी बिटांची सरमिसळ करणारं सर्किट) ३९ आणि ५८ बिट मागचे बिट मिसळलेले असतात, त्यामुळे एक चूक उलगडल्यावर तीनदा दिसते. शिवाय पॅरिटी स्वस्तही नाही: २५६ बाइटांना दर बाइटमागे एक, असे २५६ बिट जातात. सीआरसीचे फक्त १६.

सीआरसी लावला की झालं?

तसंही नाही. रजिस्टर शून्यापासून सुरू केलं तर डेटाच्या आरंभी जोडली गेलेली किंवा गळालेली शून्यं कळतच नाहीत. म्हणून रजिस्टरमध्ये सुरुवातीला सगळे १ भरतात. कॅन बसवर (गाड्यांमधल्या यंत्रांना जोडणारी सामाईक तार) बिट स्टफिंगमुळे, म्हणजे लागोपाठ सारखे बिट आले की मध्ये एक उलटा बिट भरल्यामुळे, चौकटीतले बिट सरकतात आणि नेमक्या जागी झालेल्या दोन चुकाही निसटू शकतात. कॅन एफडी या कॅनच्या नव्या आवृत्तीच्या प्रमाणकात त्यासाठी भरलेल्या बिटांची मोजणी घालावी लागली. आणि प्रत्यक्षात वेळ खातो तो बिटांचा क्रम. आपलं सर्किट बरोबर आहे का, हे बघायला १ ते ९ हे अंक आस्की अक्षरं म्हणून, वरचा बिट आधी, असे आत सोडा. सुरुवात सगळ्या १ पासून केली असेल तर बाकी (सोळाधारी अंकांत) २९बी१ यायला हवी, शून्यापासून केली असेल तर ३१सी३.

"वर टीसीपी बघून घेतं"

एसपीआयवर (चिपांना थेट जोडणाऱ्या साध्या तारांवर) बोलणाऱ्या दोन चिपांमध्ये टीसीपी असतं कुठे? जिथे असतं, तिथेही त्याची तपासणी म्हणजे वर जिचा पंचनामा केला ती १६ बिटांचीच बेरीज.

मात्र या वाक्यात एक खरी गोष्ट दडलेली आहे. २००० साली स्टोन आणि पार्ट्रिज या संशोधकांनी खऱ्या नेटवर्कवरची पॅकेटं तपासली. लिंकवर, म्हणजे दोन यंत्रांमधल्या तारेवर, सीआरसी असूनही १,१०० ते ३२,००० पॅकेटांमागे एकाची टीसीपी बेरीज जुळत नव्हती. यात सीआरसीचा दोष नव्हता. डेटा बिघडत होता यंत्रांच्या आत, राउटरच्या आणि संगणकाच्या पोटात, जिथे लिंकचा सीआरसी उतरवून ठेवलेला असतो. तेव्हा चिप आखताना सीआरसी तारेच्या तोंडाशीच तपासून टाकून देऊ नका. तो डेटाबरोबरच बफरमधून पुढे जाऊ द्या, आणि डेटा जिथे वापरला जाणार तिथे पुन्हा एकदा तपासा. पुन्हा तपासायला तीच १६ फ्लिप-फ्लॉप आणि तीच ३ गेटं लागतील.