टेबल मिटायचं का?

आज दुपारी जुन्या ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी आमच्या टीमचा एक जुना फोटो टाकला. सगळ्यांनी आठवणी काढल्या, मीही काढल्या. छान चाललं होतं. मग एकीनं लिहिलं, "तुमचा शेवटी इथे निभाव लागला नाही ना गं, फार वाईट वाटतं." त्याखाली तिघांनी रडके चेहरे टाकले.

निभाव लागला नाही.

फोन उपडा ठेवला आणि कामाला लागले. संध्याकाळी परत उघडून वाचलं, तर दुपारपेक्षा जास्त लागलं. ग्रुपवर भांडणार नाही. इथे लिहितेय, कारण इथे माझी माणसं आहेत आणि मी काय म्हणतेय ते तुम्हाला उलगडून सांगावं लागणार नाही.

या लहान शहरात यायच्या आधी बारा वर्षं काढली आम्ही त्या महानगरात. एकाही महिन्याचं भाडं थकवलं नाही, कुणापुढे हात पसरला नाही. लेक तिथेच जन्मली. बाबा गेल्यावर आईलाही तिथेच आणलं. मग निभाव लागणं म्हणजे आणखी काय असतं? की शेवटच्या श्वासापर्यंत तिथेच राहिलं तरच तो लागला म्हणायचा?

माझ्या घरी येऊन गेलेल्या सगळ्यांना आमचं घडीचं टेबल आठवत असेल. बाहेरच्या खोलीत भिंतीला बिजागऱ्यांनी ठोकलेली फळी आणि खाली उघडणारे दोन पाय. सकाळी त्यावर नाश्ता, दिवसभर नवऱ्याचा लॅपटॉप, संध्याकाळी लेकीचा अभ्यास, रात्री जेवणं. आणि दहा वाजता ते मिटायचंच, कारण ते मिटल्याशिवाय आईचं अंथरूण घालायला जागा व्हायची नाही. रोज दहाला आई हातावर अंथरुणाची घडी घेऊन दारात उभी राहायची आणि विचारायची, "टेबल मिटायचं का?"

तक्रारीचा सूर कधीच नसायचा. म्हणूनच ते जास्त टोचायचं. दिवसभर थकलेली सत्तरीची बाई स्वतःच्या झोपेची परवानगी मागतेय, असं वाटायचं.

एकदा लेकीनं शाळेसाठी चित्र रंगवलं होतं. मोठा कागद, ओले रंग, सुकायला टेबलावर ठेवलेला. दहा वाजले. आई दारात आली, टेबलाकडे बघितलं आणि काहीच न बोलता परत आत गेली. स्वयंपाकघरात स्टुलावर बसून राहिली. मीच मग चित्र उचललं, कुठे ठेवावं ते सुचेना, कपड्यांच्या मशीनवर उभं करून ठेवलं. सकाळी पाहिलं तर सगळे रंग ओघळून खालच्या कडेला जमा झालेले. मला वाटलं, आता रडून घर डोक्यावर घेईल. तिनं कागद बघितला, गुंडाळला आणि म्हणाली, "चालेल."

सहा वर्षांची होती ती. सहा वर्षांच्या पोरीनं "चालेल" म्हणायला शिकावं, याचा मला आजही राग येतो. कुणावर येतो ते सांगता येत नाही.

तर ज्यांना आमची कीव आली, त्यांच्यासाठी थोडा हिशोब. आमच्या दोघांच्या मिळून येणाऱ्या पैशातले शंभरातले सेहेचाळीस रुपये भाड्यात जायचे. भाडं उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या वर जाऊ नये, हा जगभर सांगितला जाणारा ठोकताळा. आम्ही तो दरवर्षी वाचायचो आणि दरवर्षी भाडेकरार नव्यानं सही करायचो. माझा प्रवास जायला एक तास चाळीस मिनिटं, यायला तेवढाच. वर्षाचे २४० कामाचे दिवस धरले तर ८०० तास. म्हणजे वर्षातले ३३ दिवस, रात्रींसकट, मी कुठेच नव्हते. ना घरी, ना कामावर. चेझारे मार्केटी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञानं १९९४ मध्ये मांडलं होतं की माणूस गुहेत राहू दे नाहीतर मोठ्या शहरात, पायी जाऊ दे नाहीतर गाडीनं, दिवसाचा साधारण तासभरच तो जाण्यायेण्यात घालवतो. वाहनं वेगवान झाली की तो वेळ वाचवत नाही, लांब राहायला जातो. मी रोज त्याच्या तिप्पट घालवत होते आणि वर म्हणत होते की "सगळ्यांचंच असं आहे". सगळ्यांचंच असं होतं, हे खरंच. त्यानं माझे तास परत येत नाहीत.

आणि निभाव न लागलेल्यांसाठी सरकारं आणि संस्था काय करतात तेही सांगते. जपाननं २०२३ पासून तोक्यो महानगर सोडून बाहेर स्थायिक होणाऱ्या कुटुंबांना प्रत्येक मुलामागे दहा लाख येनपर्यंत द्यायला सुरुवात केली. आधी तीन लाख देत होते, ते वाढवले. अट अशी, की पाच वर्षं तिथे राहायचं, आधीच निघालात तर पैसे परत करायचे. अमेरिकेत टल्सा नावाचं मध्यम शहर आहे, तिथे घरून काम करणाऱ्यांनी येऊन राहावं म्हणून एका खासगी धर्मादाय संस्थेनं २०१८ पासून दहा हजार डॉलर द्यायला सुरुवात केली. म्हणजे कुठेतरी माणसांनी महानगर सोडावं म्हणून पदरचे पैसे मोजले जातायत, आणि आम्ही आमच्या खर्चानं, आमच्या ट्रकनं, रात्रभर जागून सामान बांधून गेलो तर आमच्यासाठी रडके चेहरे!

हे लिहिताना हात थरथरतायत. पाणी पिऊन आले.

हं. आता जरा नीट लिहिते.

ते टेबल आम्ही सोबत आणलं. खरंतर टाकून द्यायचं ठरलं होतं, पण बिजागऱ्या काढताना नवऱ्याचा हात थांबला. म्हणाला, "फळी चांगली आहे." इथे आल्यावर सुताराकडून तिला आणखी दोन पाय लावून घेतले. आता ते चार पायांचं साधं टेबल आहे, खिडकीशी ठेवलेलं. ते मिटत नाही. मिटूच शकत नाही. आईला स्वतःची खोली आहे, खाट आहे, खाटेपाशी दिवा आहे, तिला हवा तेव्हा लावता येतो.

चौदा महिने झाले. अजूनही रोज रात्री दहाच्या सुमाराला आई बाहेर येते आणि विचारते, "टेबल मिटायचं का?"

सुरुवातीला आम्ही हसायचो. "आई, आता ते मिटत नाही गं." ती म्हणायची, "हो की." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. मध्यंतरी मला काळजी वाटली, वयाचं काही असेल का. तसं काही नाही. तिला सगळं लख्ख आठवतं, बाकी कुठेच ती चुकत नाही. फक्त दहा वाजता ती त्याच घरात असते. बारा वर्षांत त्या शहरानं आमच्याकडून काय घेतलं असं कुणी विचारलं तर मी भाड्याचा आकडा सांगणार नाही, हे सांगेन.

बरं, तुमच्यातले काही जण आता लिहितील, आणि लिहायच्या आधीच कबूल करते: इथे सगळं मिळत नाही. आईच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दर तीन महिन्यांनी चार तासांचा प्रवास करून त्याच महानगरात जावं लागतं, कारण तिच्या दुखण्याचे तज्ज्ञ इथे नाहीत. रात्री-बेरात्री काही झालं तर काय, हा विचार मी मुद्दाम पूर्ण करत नाही. माझा पगार जवळपास एक तृतीयांशानं कमी झाला. आणि ही नोकरी गेली तर दुसरी कुठे, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तिथे एक दार बंद झालं की त्याच रस्त्यावर दुसरं ठोठावता यायचं. शहरांचा अभ्यास करणाऱ्यांनी २००७ मध्ये आकडेच मांडले होते की शहराची लोकसंख्या वाढली की माणशी मिळकतही वाढते. मोठ्या शहरात माणसाला माणूस भेटतो, कामातून काम निघतं, हे मी बारा वर्षं अनुभवलंय. त्याच अभ्यासात गुन्हे आणि साथीचे रोगही तसेच वाढताना दिसले होते, पण ते असो. पैशांच्या बाबतीत ते शहर खोटं बोलत नव्हतं. मानलं.

आणि एकटेपणा. हे कबूल करायला जड जातंय. तिथे मी कोण, कुणाची, काय घालते, किती वाजता घरी येते, हे कुणी विचारत नव्हतं. इथे पहिल्या आठवड्यात सगळं विचारून झालं. आपलं म्हणून विचारतात हे कळतं, पण कधीकधी गर्दीत हरवून जाण्याची फार आठवण येते. मैत्रिणी मागे राहिल्या. चाळिशीत नव्या मैत्रिणी करणं म्हणजे पुन्हा शाळेत पहिल्या दिवशी जाणं. डबा कुणाशेजारी उघडायचा ते कळत नाही.

पण मला सगळ्यात जास्त जे खुपतंय ते यातलं काहीच नाही. ते सांगू की नको, असं अर्धा तास चाललंय. सांगतेच.

आमच्या वरच्या मजल्यावर एक ताई राहतात. नऊ वर्षं त्याच घरात. मी आल्याआल्या मला पाणी कधी येतं, कचरा कुठे टाकायचा, कुठला दवाखाना बरा, सगळं त्यांनीच सांगितलं. लेकीला ताप आला तेव्हा रात्री दोनला खाली आल्या होत्या. मागच्या महिन्यात त्यांच्या घरमालकानं त्यांना भाडं वाढवायला सांगितलं, एकदम, झेपणार नाही इतकं. कारण काय दिलं? "खालचे तेवढं देतात."

खालचे म्हणजे आम्ही.

घर बघायला आलो तेव्हा मालकानं आकडा सांगितला आणि मी एक शब्दही घासाघीस केली नाही. मला तो आकडा स्वस्त वाटला. जिथून आले तिथल्या एका खोलीच्या मानानं तो फुकट होता. मी "हो" म्हणाले आणि गाडीत बसून आनंदानं रडले. त्या माझ्या "हो"ची किंमत वरच्या ताई देतायत. त्या मला एक शब्दही बोलल्या नाहीत. हे मला दुसऱ्याच कुणाकडून कळलं.

म्हणजे महागाईपासून पळून आले म्हणता म्हणता तिची एक पुडी मी पदराला बांधूनच आणली. आम्ही दहा-वीस जण असे आलो असू या भागात, प्रत्येकजण "केवढं स्वस्त!" म्हणत. ज्या शहरात आमचे लोक सेहेचाळीस टक्क्यांनी पिचले, ते शहर बनतं कसं, ते आता मला खालच्या मजल्यावरून दिसतंय. उद्या ताईंसोबत त्यांच्यासाठी घरं बघायला जाणार आहे. त्यांनी बोलावलेलं नाही, मीच म्हटलं येते. मालकाशीही बोलले, आमच्या भाड्याचा दाखला देऊन दुसऱ्याचं वाढवू नका म्हणून. त्यांनी ऐकून घेतलं. बाकी काही झालं नाही.

ग्रुपवर लिहिणाऱ्या माझ्या मैत्रिणीवर दुपारी मी जितकी चिडले होते तितकी आता नाही. सामान बांधायच्या रात्री तीच आली होती. काचेची भांडी वर्तमानपत्रात गुंडाळायला तिच्याइतकं कुणाला जमत नाही. तिच्या घरीही बाहेरच्या खोलीत पलंगाखालून ओढायचा पलंग आहे, तिचा मुलगा त्याच्यावर झोपतो आणि बारावीचा अभ्यास जिन्यात बसून करतो. निघताना तिनं मला मिठी मारली आणि बराच वेळ सोडलं नाही. तेव्हा मला वाटलं, माझ्यासाठी रडतेय.

आणखी एक. आमच्या आधी चार वर्षं ऑफिसातला एक मुलगा असाच बायकोमुलांना घेऊन लहान शहरात गेला होता. तो गेल्यावर डब्याच्या वेळी मी काय म्हणाले होते ते मला चांगलं आठवतंय. "टिकला नाही बिचारा." सगळ्यांनी माना हलवल्या होत्या. मग घरी जायला दोन तास लागले होते, आणि घरी पोचले तेव्हा टेबल मिटलेलं होतं, लेक झोपलेली, माझं ताट ओट्यावर झाकून ठेवलेलं. ते ताट मी उभ्यानंच खाल्लं. त्या मुलाचा नंबर आज शोधला. अजून तोच आहे का माहीत नाही, पण मेसेज टाकलाय.

चिडून सुरू केलं होतं, कुठल्या कुठे आले. पण ते "निभाव लागला नाही" मात्र मी मान्य करणार नाही. निभाव लागला होता. आम्ही तो लावला होता, रोज रात्री दहा वाजता, दोन पाय दुमडून.

आत्ता दहाला पाच कमी आहेत. लेकीचा भूगोलाचा नकाशा टेबलावर पसरलाय, नद्यांचा निळा रंग अजून ओला आहे, ती तशीच टाकून झोपायला गेली. आई बाहेर आली. नकाशा बघितला.

"टेबल मिटायचं का?"

"नको गं आई. रंग ओला आहे."

ती जवळ आली, पंख्याकडे वर बघितलं, कपाटातून चार पुस्तकं काढली आणि नकाशाच्या चार कोपऱ्यांवर एकेक ठेवली. मग दिवा माझ्यासाठी चालू ठेवून आपल्या खोलीत गेली.