पंखा बंद करा, इंग्रजी चालू आहे

मे महिन्यात भुसावळात ‘पंखा बंद करा’ म्हणणाऱ्याला दोनच कारणांसाठी माफी मिळते. एक तर निरांजन लावायचं असतं, नाहीतर त्या माणसाला ऊन लागलेलं असतं. आमच्या क्लासच्या सरांनी तिसरं कारण काढलं. इंग्रजीतला पी.

सर रेल्वेत गार्ड होते. ते निवृत्त झाल्यावर, २०२२ साली, रेल्वेने त्या पदाचं नाव ट्रेन मॅनेजर केलं. ही हळहळ ते दर दोन दिवसांनी आमच्यावर काढतात. तर पारा ४५ च्या वर, खिडक्या लावलेल्या, पंखा बंद आणि टेबलावर मेणबत्ती. एकेकाने पुढे यायचं, ज्योतीसमोर तोंड न्यायचं आणि ‘पेपर’ म्हणायचं. ज्योत हलली तर पास. कारण असं, की इंग्रज माणूस शब्दाच्या सुरुवातीचा पी, टी, के म्हणताना हवेचा झोत सोडतो. आपला ‘प’ कोरडा. आपण हवा सोडली की त्याचं महाप्राण अक्षर होतं, म्हणजे पचा फ, आणि वर्णमालेत त्याला वेगळं घर दिलेलं आहे. त्यामुळे आपला कोरडा ‘पे’ गोऱ्याच्या कानाला ‘बे’ लागतो.

माझ्या शेजारचे बी-बियाणेवाले तात्या ‘पेपर’ म्हणाले. ज्योत ढिम्म. सर म्हणाले, “मनापासून म्हणा.” तात्यांनी मनापासून म्हटलं. मेणबत्ती विझली आणि समोर बसलेल्या नर्सताईंच्या वहीवर बारीक तुषार पडले. सरांनी तात्यांना पास केलं. ताईंनी नाही.

ताईंना परदेशात नोकरीला जायचंय, त्यासाठी परीक्षा आहे. वाचणं, लिहिणं, ऐकणं, बोलणं, चारही तपासतात आणि नऊपैकी गुण देतात. त्यांचं येणं समजू शकतं. मला मात्र केळीने आणून बसवलं.

आमची बाग रावेर तालुक्यात. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे आमच्याकडे पाहुण्याला पाणी देण्याआधी सांगतात. लावतो ती जात जी-नाइन. गावात सगळ्यांना वाटतं, कुठल्यातरी प्रयोगशाळेतला नववा नंबर असेल. मूळ नाव फ्रेंच, ग्रांद नेन, म्हणजे मोठी बुटकी. ज्या झाडाला आपण मोठं म्हणावं की बुटकं हे त्याच्या बारशालाच ठरलं नाही, त्याची फळं विकायला उच्चार शुद्ध कशाला हवेत, असं मी सरांना विचारलं. त्यांनी मला ‘पेपर’ म्हणायला लावलं.

केळी आखातात जायला लागली तेव्हा घरातला शिकलेला म्हणून पत्रव्यवहार माझ्या गळ्यात पडला. शिकलेला म्हणजे पाचवीपासून इंग्रजी. पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, तोवर आमची शाळा उरकली होती. आम्हाला एकच पत्र लिहिता यायचं, मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज. ‘आय बेग टू स्टेट’पासून ‘युवर ओबीडियंट प्युपिल’पर्यंत तोंडपाठ. त्या जोरावर ताप, रजा आणि चुलत बहिणीचं लग्न हे विषय मी आजही इंग्रजीत उत्तम हाताळतो. फण्या कापून, धुऊन खोक्यात भरल्या आणि कंटेनर न्हावाशेवा बंदराकडे निघाला, हे काही त्यात बसेना.

त्यात तो तेरा-तीसचा घोळ. रीफर म्हणजे थंड ठेवणाऱ्या कंटेनरात केळी १३ अंशांच्या आसपास ठेवतात. फार खाली गेली तर साल काळवंडते, वर गेली तर वाटेतच पिकते. आता ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ यांत इंग्रजांनी फरक ठेवला तो मुख्यतः जोराचा. एकात जोर शेवटी, दुसऱ्यात आधी. मराठी माणूस सगळ्या अक्षरांना सारखी वागणूक देतो, पंगतीत बसल्यासारखी. तिकडून फोनवर विचारतात, “थर्टीन ऑर थर्टी?” आणि इकडून उत्तर जातं, “यस, यस.” शेवटी सरांचा रेल्वेतला अनुभव कामी आला. गाडीचा नंबर कोणी हजारात-शेकड्यात सांगतं का? एकेक आकडा सुटा. वन, थ्री. एवढ्या एका धड्यावर क्लासची फी वसूल झाली असं माझं मत आहे.

लिहिण्यातही सरांचा गुरू म्हणजे फलाटावरचा भोंगा. ‘द इन्कन्व्हीनियन्स कॉज्ड इज डीपली रिग्रेटेड.’ हे वाक्य त्यांनी आमच्याकडून पाठ करून घेतलं, आणि खरं सांगतो, इंग्रजीचा मोठेपणा मला तिथे पटला. गैरसोय झाली, कोणी केली, पत्ता नाही. खोल खेद वाटतो. कोणाला, पत्ता नाही. मराठीत खोकी कमी निघाली की ती कोणीतरी कमी भरलेली असतात आणि संध्याकाळपर्यंत गावाला नाव कळतं. इंग्रजीत ती नुसती ‘शॉर्ट’ असतात, देवाची करणी.

स्पेलिंगचं मात्र मला अजून पटत नाही. देणं म्हणजे ‘डेट’, त्यात बी लिहायचा आणि गिळायचा. पूर्वी तो नव्हताच. हा शब्द मूळचा लॅटिन, हे दिसावं म्हणून पंडितांनी मागाहून घातला. पावतीच्या ‘रिसीट’मधला पीही तसाच वशिल्याने घुसलेला. बोलणाऱ्यांनी दोघांनाही दाद दिली नाही. म्हणजे ज्या पीपायी आम्ही घामाने निथळतोय, तो ऐन पावतीत मुका!

व्ही आणि डब्ल्यूबद्दल थोडक्यात सांगतो. व्हीला वरचे दात खालच्या ओठावर, डब्ल्यूला दात दूर आणि ओठांचा चंबू. मिशी असलेल्यांनी हा सराव एकट्याने करावा. मी ओसरीवर करत होतो, तर आप्पा म्हणाले, “कोनावर रुसला रे तू?” आप्पांना उच्चाराची चिंता नाही. आमच्याकडे ळचा य होतो. सगळा तालुका जिच्यावर जगतो ती केळी घरात ‘केयी’च असते. पुण्याचे पाहुणे हसतात, आप्पा त्यांना अजून दोन खायला लावतात.

एवढी तयारी झाल्यावर घेणाऱ्याचा स्वतःचा फोन आला. गृहस्थ अरब. मी पाणी प्यालो, छाती भरून हवा घेतली आणि ‘पेमेंट’ शब्द असा सोडला, की मेणबत्तीच काय, कंदील विझला असता. पलीकडून प्रेमळ आवाज आला, “माय फ्रेंड, बेमेंट नो ब्रॉब्लेम!”

अरबी भाषेत पी नाहीच. हे सरांनी आधी सांगितलं असतं तर पंखा तरी चालू राहिला असता. त्यांच्या गोदामातला मुकादम फिलिपिन्सचा, तो ‘फिफ्टी’ला ‘पिप्टी’ म्हणतो. अरबाने टाकलेला पी बहुतेक त्यालाच सापडला. हिशेब बघणारे केरळचे, त्यांच्या ‘बिसिनस’मध्ये झचाही स. आणि मी रावेरचा. या एवढ्या इंग्रजी कारभारात इंग्रज औषधालाही नाही, आणि कोणाचं कोणावाचून अडत नाही. अडतं फक्त बेमेंट.

म्हणून सरांनी ‘जंटल रिमाइंडर’ शिकवलं. हा प्रकार आमच्याकडेही आहे. ज्याच्याकडून येणं आहे, त्याच्या ओट्यावर भर दुपारी जाऊन बसायचं. पाणी मागायचं. पाऊसपाणी, निसवण, पोराच्या सोयरिकीची चौकशी करायची. पैशांचा शब्द काढायचा नाही आणि उठायचंही नाही. चहा दुसऱ्यांदा आला की घरधनी आपणहून कपाट उघडतो. इंग्रजीत हे सगळं एका कागदावर करायचं असतं. मेल आपल्याला सुखरूप गाठेल अशी आशा, बिलाची तारीख, ‘काइंडली’ दोनदा, शेवटी ‘वॉर्म रिगार्ड्स’. रेल्वेच्या सवयीने सर ‘डीपली रिग्रेटेड’ घालायला निघाले होते, ते मी काढून टाकलं. खेद व्हायचा तर त्यांना व्हायला हवा.

संध्याकाळी उत्तर आलं. आप्पा वाटच बघत होते.

“काय म्हने तो?”

“नोटेड विथ थँक्स. म्हणजे त्यांनी नोंद घेतली आणि आभार मानले.”

“कशाचे आभार?”

“आठवण केल्याचे.”

“आन् पैसे?”

“पैशांचं त्यात काही नाही.”

आप्पांनी टोपी काढून झटकली, परत घातली आणि विचारलं, “त्याच्या घराले ओटा असंन ना?”