‘लिस्बनमध्ये कोरलेले’ शिंग: एका दाव्याचा प्रतिवाद

वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय आफ्रिकन कला संग्रहालयात 15व्या शतकाच्या अखेरीस घडवलेले एक हस्तिदंती शिकारी शिंग आहे. त्यावर पोर्तुगालच्या आव्हिश राजघराण्याची चिन्हे, स्पेनच्या फर्डिनांड राजाचे ‘तांतो मोंता’ हे ब्रीद आणि शिकारीची दृश्ये कोरलेली आहेत. या शिंगाच्या छायाचित्राखाली एक मजकूर सध्या सर्वत्र फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे, की आफ्रिकेतून आला तो फक्त हस्तिदंत, कोरीवकाम लिस्बनच्या किंवा फार तर गोव्याच्या कारागिरांचे आहे आणि हे शिंग वाजवण्यासाठी नव्हतेच. संग्रहालयाने ते पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओनच्या सापी समाजातील कलावंतांच्या नावे मांडले आहे, तेही या मजकुराला खटकते.

पहिला आधार दिला जातो तो चित्रांचा: चिन्हे आणि शिकार युरोपीय, म्हणून हातही युरोपीय. काम कोणी सांगितले आणि कोणी केले, हे दोन वेगळे प्रश्न येथे एकच मानले आहेत. लिस्बनमध्ये मुद्रणाचा व्यवसाय करणाऱ्या व्हालेंतीम फर्नांदिश याने 1506 ते 1510 या काळात खलाशांकडून मिळालेली माहिती एकत्र केली. सिएरा लिओनचे लोक हस्तकौशल्यात निष्णात असून जे चित्र काढून द्यावे ते हस्तिदंतात कोरून देतात, असे त्याने स्पष्ट नोंदवले आहे. सापी कलावंतांनी पोर्तुगीजांसाठी कोरलेल्या अशा वस्तूंवरील अनेक दृश्ये त्या काळच्या छापील प्रार्थनापुस्तकांच्या चौकटींतील चित्रांशी जुळतात. म्हणजे नमुना कागदावरून गेला. मात्र याच गटातील मीठदाण्यांवरच्या माणसांचे टपोरे डोळे आणि ठसठशीत चेहरे पाहावेत आणि शेजारी त्याच प्रदेशात सापडणाऱ्या, ‘नोमोली’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मऊ दगडाच्या मूर्ती ठेवाव्यात. ते नाते लिस्बनच्या कोणत्याही कारखान्यातून येऊ शकत नाही.

कारखाना खरोखर लिस्बनमध्ये असता, तर आणखी एक गोष्ट उलगडत नाही. 16व्या शतकाच्या मध्यास माने लोकांच्या स्वाऱ्यांनी सापी समाज विस्कटला आणि या शैलीचे काम थांबले. लिस्बनला तर तेव्हाही हस्तिदंताची वाण नव्हती.

फुंकण्याचे तोंड टोकाला आहे म्हणून शिंग युरोपीय, हा त्या मजकुराचा मुद्दा मात्र दखल घेण्याजोगा आहे. आफ्रिकेतील हस्तिदंती शिंगे सहसा बाजूच्या छिद्रातून फुंकतात आणि युरोपातील टोकातून. हे शिंग टोकातून फुंकायचे आहे, हे खरेच. पण त्यावरून गिऱ्हाईक कोण होते एवढेच कळते. पोर्तुगीजांनी चित्र दिले, तसे मापही दिले, इतकेच.

गोव्याचा उल्लेख आपल्याकडे अभिमानाने उचलला गेला, हे समजू शकते. गोव्याची हस्तिदंती परंपरा अस्सल आहे. जुन्या गोव्यातील ख्रिस्ती कला संग्रहालयात तिचे उत्तम नमुने पाहता येतात. परंतु पोर्तुगीजांनी गोवा घेतला 1510 मध्ये, आणि पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या हस्तिदंती मीठदाण्या व चमचे लिस्बनच्या व्यापारी वह्यांत 1504-05 मध्येच नोंदलेले आहेत. तारखाच जुळत नाहीत, तिथे अभिमान काय करणार?

‘वाजवण्यासाठी नव्हतेच’ याला फार वेळ द्यायला नको. सुळा मुळाशी निसर्गतःच पोकळ असतो. टोकाकडचा भरीव भाग मात्र मुद्दाम कोरावा लागतो. नुसती शोभेची वस्तू करणारा एवढे कष्ट घेत नाही. बोटांची छिद्रे नसल्याने त्यातून तुतारीसारखे मोजकेच स्वर निघतात, आणि शिकारीत इशारा द्यायला तेवढे पुरतात. राजाला नजर केलेले शिंग रोज रानात नेले जात असेल असे मीही म्हणत नाही. पण ते कमी वाजले असेल, म्हणून ते वाद्य नव्हते असे ठरत नाही.

‘आफ्रिकेने फक्त कच्चा माल दिला’ या वाक्याला तर फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याची 1553 ची यादीच आडवी येते. तिच्यात नोंदलेली दोन हस्तिदंती शिंगे काँगोची आहेत. त्यांच्यावर एकही युरोपीय चिन्ह नाही, नखशिखांत स्थानिक भौमितिक नक्षी आहे, आणि तरीही ती मेदिची घराण्याच्या ड्यूक कोझिमोच्या खजिन्यात होती.