दुकानात लगेच 'मस्त बसलं' वाटणारं हेल्मेट बहुधा एक साइझ मोठं असतं

हेल्मेट घ्यायला गेलेला माणूस पहिलं हेल्मेट डोक्यात घालतो, गाल दाबले जातात म्हणून लगेच काढतो आणि मोठा साइझ मागतो. तो सुळकन आत जातो, कुठेच टोचत नाही, म्हणून पैसे देऊन मोकळा होतो. दोन महिन्यांत तेच हेल्मेट वेग वाढला की वाऱ्याने उचललं जातं, मान वळवली की मागे राहतं आणि खड्ड्यात गाडी आदळली की भुवयांवर उतरतं. मग 'स्वस्तातलं घेतलं म्हणून असं झालं' हा निष्कर्ष निघतो. माझं स्पष्ट मत आहे की यातल्या बहुतेक तक्रारी किमतीच्या नसून मापाच्या असतात. पैसे कमी असतील तर हेल्मेट निवडायला वेळ जास्त द्या. बाकी बरंच काही सोडता येतं.

हेल्मेटच्या आत दोन वेगळ्या गोष्टी असतात, आणि हा फरक कळला की निम्मं काम झालं. डोक्याला लागते ती कापडाखालची मऊ स्पंजाची गादी. तिच्यामागे कडक थर असतो तो ईपीएसचा, म्हणजे आपण ज्याला थर्माकोल म्हणतो त्याच जातीचा, पण जास्त घट्ट दाबलेला. डोकं वाचवतो तो थर्माकोल. आपटल्यावर तो चिरडला जातो आणि डोकं थांबायला काही मिलिसेकंद जास्त मिळतात. चिरडणाऱ्या अस्तराच्या या कल्पनेचं पेटंट अमेरिकेत 1953 साली मिळालं. आजची हेल्मेटं त्याच तत्त्वावर चालतात.

मऊ गादी वापराने बसते, थर्माकोल बसत नाही. म्हणून नव्या हेल्मेटात गाल घट्ट दाबले जात असतील तर ते चांगलं लक्षण आहे. रोजच्या वापरात काही आठवड्यांत गादी गालाच्या आकाराची होते. पण कपाळावर किंवा कानशिलाच्या वर एकाच जागी खुपत असेल, तर तिथे गादीच्या मागचा थर्माकोल डोक्याला भिडतोय. 'वापरून सैल होईल' हे विक्रेत्याचं वाक्य गालांना लागू आहे, कपाळाला नाही.

आता माप. शिंप्याची मऊ मोजपट्टी घ्या. पुढून भुवयांच्या वर साधारण 2 ते 2.5 सेंटीमीटर, बाजूने कानांच्या वरून आणि मागे डोक्याचा जो भाग सर्वात फुगीर असेल त्यावरून पट्टी फिरवा. मागची बाजू खाली घसरते, म्हणून दुसऱ्याकडून मोजून घेतलेलं बरं. तीनदा मोजा आणि सर्वात मोठा आकडा धरा. बऱ्याच कंपन्यांच्या तक्त्यात 55-56 म्हणजे एस, 57-58 म्हणजे एम, 59-60 म्हणजे एल असतं. पण एकाचा एम दुसऱ्याच्या एलएवढा निघू शकतो, त्यामुळे त्या-त्या मॉडेलचा तक्ता बघा. आकडा दोन साइझच्या मध्ये आला तर आधी लहान साइझ घालून बघा.

इतकं करूनही हेल्मेट खुपतं, कारण घेर म्हणजे आकार नव्हे. एकाचं डोकं 19.5 सेंटीमीटर लांब आणि 17.3 रुंद आहे, दुसऱ्याचं 20.5 लांब आणि 16.2 रुंद. घेर दोघांचाही 58च्या आसपासच येतो, पण एकाचं हेल्मेट दुसऱ्याला होणार नाही. डोक्याचे ढोबळ तीन आकार धरतात: गोलसर, मध्यम लंबगोल आणि लांबट. बहुतेक हेल्मेटं मध्यम लंबगोल डोक्यासाठी बनतात. आपला आकार ओळखायला केस ओले करून चापून बसवा आणि कुणाला तरी बरोबर वरून फोटो काढायला सांगा. आरशात हे कळत नाही.

लांबट डोक्यावर गोलसर हेल्मेट चढलं तर कपाळ आणि मागचा भाग दाबला जातो, आणि कानांच्या वर मात्र बोट सहज आत जातं. गोल डोक्यावर लांबट हेल्मेट चढलं तर उलटं होतं: कानशिलं ठणकतात, कपाळासमोर पोकळी राहते. दोन्ही वेळा लोक एकच उपाय करतात, साइझ वाढवतात. कपाळ मोकळं होतं खरं, पण बाजूची पोकळी आणखी वाढते आणि हेल्मेट डोक्यावर फिरायला लागतं. इथे साइझ तोच ठेवून मॉडेल बदलायचं असतं. चार मॉडेलं घालून बघायचा कंटाळा करू नका, विक्रेता कितीही घाई करो.

घालताना दोन्ही पट्टे धरून बाहेर ताणा, म्हणजे खालचं तोंड थोडं रुंदावतं. बरोबर मापाचं पूर्ण तोंडाचं हेल्मेट आत जाताना कान ओढले जातात, त्याला घाबरू नका. आत गेल्यावर कान दुमडलेले नाहीत ना हे बोटाने चाचपा. दुमडलेला कान दहा मिनिटांत असह्य होतो आणि दोष हेल्मेटला मिळतो. समोरच्या उघड्या भागाची वरची कडा भुवयांच्या थोडी वर हवी, डोळे गाल-गादी आणि कपाळावरच्या गादीच्या मधोमध हवेत. टाळूला गादी टेकलेली जाणवली पाहिजे.

मग पट्टा न लावता हेल्मेट दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे फिरवायचा प्रयत्न करा. डोकं स्थिर ठेवा. कपाळाची आणि गालाची कातडी हेल्मेटबरोबर सरकली तर बरोबर. हेल्मेट कातडीवरून घसरलं तर मोठं. वर-खाली हलवूनही हेच बघा. कपाळ आणि गादी यांच्यामध्ये करंगळी आरामात जात असेल तर मोठं. दात चावल्यासारखं करा. गालाची आतली बाजू किंचित दाताखाली आली तर नव्या हेल्मेटसाठी ते ठीक आहे. पण तोंड उघडून बोलताच येत नसेल तर गाल-गाद्या जाड आहेत.

यानंतरची चाचणी सर्वात महत्त्वाची, आणि नेमकी तीच कुणी करत नाही. पट्टा नीट आवळा, इतका की हनुवटीखाली एक-दोन बोटंच जातील. मान थोडी पुढे झुकवा आणि दुसऱ्या कुणाला तरी हेल्मेटची मागची खालची कडा धरून वर आणि पुढे ओढायला सांगा, हळूहळू पण जोर लावून. हेल्मेट डोळ्यांवर आलं किंवा डोक्यावरून निघायला लागलं, तर ते कितीही आवडलेलं असो, परत ठेवा. अपघातात पहिल्या आपटीतच निघून जाणारं हेल्मेट दुसऱ्या आपटीला डोक्यावर नसतं.

इथपर्यंत पास झालेलं हेल्मेट किमान 20 मिनिटं, जमल्यास अर्धा तास, डोक्यावर ठेवून फिरा. खुपणारी जागा पहिल्या पाच मिनिटांत कळतच नाही, ती हळूहळू वर येते. काढल्यावर लगेच आरशात कपाळ बघा. सगळीकडे सारखी फिकट लाली असेल तर चालेल. एका जागी रुपयाएवढा गडद लाल ठसा असेल तर ते मॉडेल तुमच्या डोक्याचं नाही.

फक्त गालांचाच प्रश्न असेल तर मॉडेल सोडायची गरज नाही. बऱ्याच कंपन्या एकाच हेल्मेटसाठी वेगवेगळ्या जाडीच्या गाल-गाद्या देतात, साधारण 5 मिलिमीटरच्या फरकाने, आणि त्या बटणांवर निघतात. काही मॉडेलांत गादीच्या आतला पातळ थर सोलून काढता येतो. एवढंच करा. चमच्याने थर्माकोल दाबून किंवा कोरून जागा करण्याचे जे सल्ले फिरतात, ते कृपा करून ऐकू नका. जो थर आपटताना चिरडायचा, तोच आधी चिरडून ठेवण्यात काय अर्थ आहे? मापात येणारं हेल्मेट आतून सैल करायला गादी ओरबाडू नका, तसंच मोठं हेल्मेट घट्ट करायला आत रुमाल किंवा जाड टोपीही कोंबू नका.

चष्मा असेल तर तो बरोबर न्या. हेल्मेट चढवल्यावर चष्म्याच्या काड्या कानशिलाच्या गादीतून सरळ आत जायला हव्यात. काही हेल्मेटांत त्यासाठी खाच असते. सरळ काड्यांची, बारीक फ्रेम वाकड्या टोकाच्या फ्रेमपेक्षा सोपी जाते. केस लांब असतील तर रोज जसे बांधता तसेच बांधून ट्राय करा. उंच अंबाड्यावर हेल्मेट नीट बसत नाही, वेणी किंवा केस मानेजवळ खाली बांधलेले हवेत.

आता पैशाकडे. ब्रिटनच्या परिवहन खात्याने 2007 साली 'शार्प' नावाची योजना सुरू केली. त्यात हेल्मेटांना आपटीच्या चाचण्यांवरून 1 ते 5 तारे मिळतात. तिथले निकाल चाळले तर दिसतं की स्वस्त गटातल्या काही हेल्मेटांना वरचे तारे मिळाले आहेत आणि काही महागड्यांना खालचे. जास्तीचे पैसे बहुधा वजन, आवाज, हवा खेळणं, गादीचं कापड आणि रंगकाम यांत जातात. या गोष्टींना किंमत आहेच. दिवसभर चालवणाऱ्याला 1300 आणि 1600 ग्रॅममधला फरक मानेत जाणवतो. पण अर्ध्या-पाऊण तासाच्या रोजच्या प्रवासाला कार्बनचं कवच लागत नाही. एबीएस किंवा पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकचं प्रमाणित कवच पुरेसं आहे.

बजेट तंग असेल तर मी सर्वात आधी चित्रं सोडेन. तेच कवच, तोच थर्माकोल, फक्त एकरंगी, आणि किंमत कमी. त्यानंतर आतली काळी काच. तिची यंत्रणा कपाळावर जागा खाते, वजन वाढवते आणि स्वस्त मॉडेलांत लवकर खडखडते. मग उघडणाऱ्या हनुवटीचं हेल्मेट. सोयीचं असतं हे खरं, पण बिजागरी आणि कुलपामुळे त्याच किमतीच्या साध्या पूर्ण हेल्मेटपेक्षा ते जड आणि जास्त आवाज करणारं निघतं. मागचे पंखासारखे प्लॅस्टिकचे तुकडे तर पहिल्या फटक्यात यादीतून काढून टाका. हनुवटी मात्र सोडू नका. अर्ध्या किंवा उघड्या तोंडाच्या हेल्मेटात उकडत नाही म्हणून ते 'आरामदायी' वाटतं, पण जबडा आणि चेहरा पूर्ण उघडा राहतो.

प्रमाणपत्राच्या खुणेवर तडजोड नको. भारतात आयएस 4151 हे मानक, अमेरिकेत तिथल्या परिवहन खात्याचं डॉट, युरोपसह अनेक देशांत ईसीई. डॉटमध्ये उत्पादक स्वतःच प्रमाणित करतो आणि सरकार नंतर बाजारातून नमुने तपासतं. ईसीईत विक्रीआधी चाचणी होते. ईसीईचा पट्ट्याला शिवलेला टॅग वाचायला सोपा आहे: वर्तुळात ई आणि देशाचा आकडा, खाली 05 किंवा 06ने सुरू होणारा क्रमांक. 06 म्हणजे नवी 22.06 आवृत्ती. आधीच्या आवृत्तीत आपटीचा वेग सेकंदाला 7.5 मीटर होता; नव्यात 6 आणि 8.2 मीटर वेगाच्या चाचण्याही आल्या, शिवाय डोकं गरकन फिरण्याचं मोजमापही. पुढे पी असेल तर हनुवटीचा भाग संरक्षक आहे, जे असेल तर उघड्या तोंडाचं, एनपी असेल तर हनुवटी दिसते पण संरक्षण देत नाही. खूण खोटी असल्याची शंका आली तर गादी बाजूला करून आत बघा. थर्माकोल नसेल किंवा बोटभरही जाड नसेल, तर ती प्लॅस्टिकची टोपी आहे.

काच दुकानातच पाच-सहा वेळा उघड-बंद करा. बंद झाल्यावर रबरी कडेला सगळीकडे टेकते का बघा; फट राहिली की शिट्टी वाजते आणि पाऊस आत येतो. काचेतून दूरच्या सरळ रेषेकडे बघत डोकं हलवा. रेष लाटेसारखी हलली तर काच खराब, रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दुखतील. रोजच्यासाठी पारदर्शकच घ्या. धुकं धरू नये म्हणून आत दुसरी पातळ काच बसवता येते. त्यासाठी मुख्य काचेत दोन पिना हव्यात, त्या आहेत का तेवढं विचारा. सुटी काच आणि गाल-गाद्या मिळतात का हेही विचारा. काच ओरखडली म्हणून पूर्ण हेल्मेट बदलावं लागलं तर स्वस्ताई तिथेच संपते.

आवाजाबद्दल एकच: ताशी 100 किलोमीटरला चांगल्या हेल्मेटातही कानाशी 90 डेसिबलच्या वर आवाज असतो. लांबच्या प्रवासाला फोमचे इअरप्लग लावा. शांत हेल्मेटसाठी जास्तीचे पैसे मोजण्यापेक्षा तो फार स्वस्त उपाय आहे.

वापरलेलं हेल्मेट कितीही स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका. चिरडलेला थर्माकोल बाहेरून दिसत नाही. नवं घेतानाही आतल्या स्टिकरवरची निर्मितीची तारीख बघा, कारण साधारण पाच वर्षांनी बदलायचा हिशोब धरला जातो आणि त्यातली दोन वर्षं हेल्मेट गोदामातच असू शकतं. घरी आल्यावर ते गाडीच्या आरशावर अडकवून ठेवू नका, आरशाचा कोपरा थर्माकोलमध्ये खळगा पाडतो. पेट्रोल, थिनर, काच पुसायचे तीव्र स्प्रे कवचाला लावू नका; कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरतो.

ऑनलाइन मागवलं असेल तर काचेवरची फिल्म आणि टॅग काढण्याआधी घरातच अर्धा तास घालून बसा, वर सांगितलेली मागून ओढायची चाचणी करा, कपाळावरचा ठसा बघा. टॅग काढला की बऱ्याच ठिकाणी परत घेत नाहीत.